लेक सुखात, जावई गाडीवर

"समदं बेस हाय ताई, पण ह्यात जावई कुठं हाय?"

गुरुलिंगआप्पांनी माझा कागद उलटा करून पाहिला. जावई मागच्या बाजूला असेल असं त्यांना वाटलं असावं. तिथंही नव्हता.

मी त्यांच्या मोटारसायकलच्या शोरूममध्ये बसले होते. शोरूम म्हणजे कालपर्यंतचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. पुढची भिंत पाडून काच बसवली होती आणि काचेवर अजून रंगाऱ्याचे ठिपके होते. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. देशानं दारं उघडली असं सगळे म्हणत होते. बीडमध्ये ते आम्हाला शटरांवरून कळलं. ज्याची रस्त्याला लागून जागा आणि बँकेत ओळख, तो कुठल्या तरी कंपनीचा डीलर झाला होता. डीलर झाला की त्याला जाहिरात लागे. ती मी लिहीत असे.

माझ्या धंद्याला कॉपीरायटिंग म्हणतात. जाहिरातीतला मजकूर म्हणजे कॉपी, आणि तो लिहिणारा कॉपीरायटर. पण आमच्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आमच्याकडे कॉपी म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत वर्गाच्या खिडकीतून आत जाते ती. एका लग्नात मी सहज म्हणाले की मी कॉपी लिहिते, तर एका गृहस्थांनी मला बाजूला नेलं आणि अदबीनं विचारलं, "बारावी सायन्सची बी जमंल का?" तेव्हापासून मी 'जाहिराती लिहिते' एवढंच सांगत असे.

त्याआधी मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात होते. ऑफिसात एक बाईमाणूस असलं की शिस्त येते, असं संपादकांचं मत होतं. माझ्याकडे महिलांचं पान होतं. शिस्त आली की नाही माहीत नाही, पण पान वाचकांपर्यंत क्वचितच आलं. मोठी जाहिरात आली की आधी माझं पान उडे. एकदा बाळंतपणातल्या काळजीवरच्या माझ्या लेखाच्या जागी सोयाबीनच्या बियाण्याची पानभर जाहिरात छापून आली. या धंद्यात टिकायचं तर उडणाऱ्या बाजूला राहून उपयोग नाही, उडवणाऱ्या बाजूला गेलं पाहिजे, हे तेव्हा ध्यानात आलं. नोकरी सोडली आणि फ्रीलान्स झाले. फ्रीलान्स म्हणजे नोकरी कुणाचीच नाही आणि ऐकायचं सगळ्यांचं.

तर आप्पा. मनानं वाईट माणूस नव्हे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, दुकान उघडल्यावर आधी देवाला उदबत्ती, मग गिऱ्हाइकाला चहा. त्यांच्या गाडीची जाहिरात करताना मी रीतीप्रमाणे आधी ब्रीफ मागितला होता. ब्रीफ म्हणजे काय विकायचं, कुणाला विकायचं, कशाच्या जोरावर विकायचं, हे मालकानं आम्हाला सांगणं. आप्पांचा ब्रीफ एका वाक्याचा होता: "गाडी इकली पायजे."

मी माझ्या परीनं विचार करून लिहिलं. हेडलाइन अशी होती: 'सकाळी पाटोदा, दुपारी चौसाळा, संध्याकाळी घरी जेवायला.' खाली अॅव्हरेज, हप्त्यांची सोय, दुरुस्तीची हमी. बियाण्यांचे एजंट, शाळामास्तर, जनावरांचे डॉक्टर हे आपले गिऱ्हाईक, असं मी धरून चालले होते.

"हे येष्टीच्या वेळापत्रकावानी वाटतंय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, ज्याला फिरावं लागतं तोच गाडी घेईल ना?"

"फिरणारा गाडी घेत न्हाई ताई. फिरणारा गाडीवर बसतो. घेतो दुसराच." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तुळशीचं लगीन झालं की आमचा सीझन. गाडी कोण घेतंय? पोराचा बाप? न्हाई. पोरीचा बाप. माझी गाडी दुकानातून निघती ती थेट मांडवात जाऊन हुबी राहती. मग जाहिरात कुणाला करायची?"

धंद्याच्या भाषेत याला टार्गेट ऑडियन्स म्हणतात, म्हणजे माल ज्याच्या खिशातून जाणार आहे तो माणूस. आप्पांचं म्हणणं धंदा म्हणून चोख होतं. अडचण एवढीच होती की धंद्याच्या त्या चोख भाषेचा साध्या मराठीतला अर्थ हुंडा असा होत होता. मी तसं म्हटलं.

आप्पा दुखावले. "हुंडा कोण म्हणलं? हुंडा घेणं गुन्हा हाय, मला ठाव हाय. ही भेट हाय. बाप प्रेमानं देतो."

"आणि नाही दिली तर?"

"न दिऊन कसं चालंल?" आप्पा म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना ऐकू आलं नाही.

मग त्यांनी वर फिरत्या पंख्याकडं पाहिलं. थोडा वेळ ओठ हलवले. आणि म्हणाले, "लेक सुखात, जावई गाडीवर!"

आता इथं मला माझ्या धंद्याशी प्रामाणिक राहून सांगितलं पाहिजे. ओळ उत्तम होती. चार शब्द. दोन्ही बाजूंना दोन-दोन. म्हणायला सोपी, विसरायला अवघड. मी वर्षभर ज्या ओळी घासूनपुसून काढत होते त्यातली एकही अशी जमली नव्हती. चांगली ओळ चांगल्या कामासाठीच सुचावी असा नियम भाषेत नाही.

"कशी हाय?" आप्पांनी विचारलं.

"ओळ चांगली आहे. मी करणार नाही."

"तुमाला कुठं करायची हाय? झालीच की. तुमी फक्त खालचं दुरुस्त करा, अन् पेपरवाल्यांकडं लावून द्या."

"नाही आप्पा. माझ्या हातून नाही."

"कावून? तुमचं नाव थोडंच येतंय खाली?"

हे खरं होतं. जाहिरातीखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. पण हे एक काम सोडायचं म्हणजे गल्ली सोडण्यासारखं होतं. आप्पांनी ज्याला हो म्हटलं त्याला त्या रस्त्यावरचे फर्निचरवाले, भांडेवाले, टीव्हीवाले हो म्हणत. एका बाईला काम द्यावं की नाही हे त्या सगळ्यांनी आप्पांकडं बघून ठरवलं होतं. तरी मी कागद उचलला.

"राग आला तुमाला," आप्पा म्हणाले. "चहा तर घ्या." आणि त्यांनी खरोखरच चहा मागवला. मी तो घेतला. त्यांची ओळ नाकारली होती, चहाशी भांडण नव्हतं.

तिथून मी सरळ माझ्या जुन्या दैनिकात गेले. जाहिरात मॅनेजर सोनटक्के माझे पूर्वीचे सहकारी. महिलांचं पान वेळोवेळी उडवण्याचं काम त्यांच्याच हातून होत असे, त्यामुळे आमची चांगली ओळख होती. आप्पांनी फोनवरून ओळ आधीच कळवली होती. मी म्हटलं, "सोनटक्के, हे छापू नका. कायद्यात बसत नाही."

सोनटक्क्यांनी चष्मा वर केला. "ताई, हुंडा शब्द आहे का यात? नाही. लेक सुखात आहे. जावई गाडीवर आहे. मध्ये एक स्वल्पविराम आहे. कायदा स्वल्पविरामाला काय करणार?"

"अर्थ कळत नाही का लोकांना?"

"अर्थ कळावा म्हणून तर छापायचं. आणि अर्धं पान आहे, ताई. रंगीत." रंगीत हा शब्द त्यांनी डोळे मिटून उच्चारला.

जाहिरात आली. नुसती पेपरात आली नाही. थिएटरात इंटरव्हलला स्लाइड लागली. वडवणीपासून पाटोद्यापर्यंत एसटी स्टँडच्या भिंती रंगल्या. भोंगा बांधलेली रिक्षा तालुक्यातालुक्यानं ओरडत फिरली. महिन्याच्या आत ती ओळ जाहिरात राहिली नाही, म्हण झाली. पोरी दोरीवरच्या उड्या तिच्यावर मोजू लागल्या. वराती ती ओळ म्हणत मांडवात शिरू लागल्या. एका लग्नात तर भटजींनीच अक्षता टाकता टाकता ती म्हटली, आणि मांडव हसला. मुलीचा बापही हसला. त्याला हसावंच लागलं.

आणि माझं अभिनंदन सुरू झालं.

बीडमध्ये जाहिराती लिहिणारी बाई एकच. त्यामुळे चांगली जाहिरात दिसली की ती तिचीच असणार, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. 'सकाळी पाटोदा, दुपारी चौसाळा' मी लिहिलं होतं हे कुणालाही माहीत नाही. त्याआधी लिहिलेल्या कित्येक ओळींबद्दल मालकांनी "आमच्या मेव्हण्याला सुचली" असं सांगितलं होतं. न लिहिलेली ही एक ओळ मात्र चिकटली.

"ताई, तुमीच लिवली ना? लई भारी!"

"नाही हो, मी नाही लिहिली."

"लाजताय कावून एवढं?"

जितकं नाकारावं तितकी मी विनयशील ठरत गेले.

एक दिवस सकाळी घरी एक बाई आल्या. पायात धूळ, हातात पिशवी. नाव शांताबाई, धर्मापुरीजवळच्या एका गावात बालवाडी शिकवत होत्या. परळीहून एसटीनं आल्या होत्या. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरला, प्यायलं नाही.

"जावई गाडीवरची जाहिरात तुमचीच का?"

मी म्हटलं, "नाही."

"समदे तर म्हणतात तुमची."

"म्हणतात. पण मी लिहिलेली नाही. मी नको म्हटलं होतं."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "माझ्या धाकट्या बहिणीचं जमलंतं. देणंघेणं ठरलंतं, समदं ठरलंतं. साखरपुड्याच्या दिवशी मुलाच्या मामानं ती ओळ म्हणून दाखवली. गंमत म्हणून. समदे हसले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की बाकीचं ठरल्यापरमाणं, पण गाडी पायजे. आधी गाडीचं नाव बी नव्हतं कुणाच्या तोंडात."

मी चहा टाकून आले.

"तुमी नको म्हणलात," शांताबाई म्हणाल्या, "अन् मग? गप बसलात?"

सोनटक्क्यांकडे जाऊन आले होते, हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्या उठल्या. चहा टाकला होता, तो तसाच राहिला. पुढं मला कळलं की त्यांच्या वडिलांनी गाडी घेतली आणि लग्न वेळेवर झालं. गाडी आप्पांच्याच शोरूममधली होती. जवळचा डीलर तेच.

शांताबाई गेल्या त्याच दिवशी मी तशीच आप्पांकडं गेले आणि शांताबाईंचं सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मी काय कुणाच्या डोक्याला बंदूक लावली? माझं काम गाडी इकायचं. पयल्यांदा पेट्रोल बी मीच भरून देतो."

त्यांच्या मागं काउंटरवर त्यांची मुलगी गिरिजा बसली होती. बी.कॉम. झालेली, दुपारी वडील जेवायला गेले की शोरूम तीच सांभाळायची. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गिरिजाचं लग्न जमायला आलं. अंबाजोगाईचे मोठे कापडवाले, आप्पांच्याच समाजातले, मुलगा एकुलता. बैठकीला मी नव्हते. तिथं काय झालं ते मला गिरिजानंच सांगितलं. ती आतल्या खोलीत दाराला कान लावून उभी होती.

मुलाचे वडील म्हणाले, "आप्पा, आमचं मागणं काहीच न्हाई."

असं म्हटलं की मुलीच्या बापानं श्वास रोखून धरायचा असतो. आप्पांनी धरला.

"पण आता तुमीच साऱ्या जिल्ह्याला सांगितलंय. लेक सुखात, जावई गाडीवर. आमी तुमच्या शब्दाबाहेर न्हाई."

बैठक हसली. आप्पाही हसले आणि म्हणाले, "म्हंजे काय! शोरूममधली पायजे ती गाडी घ्या. टॉपचं मॉडेल देतो."

"ते झालंच की वो," कापडवाले म्हणाले. "पण ती तुमच्या दुकानातली. घरचा माल. शेतकऱ्यानं जावयाला ज्वारीचं पोतं धाडावं तसं. त्याला कुणी देणं म्हणत न्हाई. अन् मला एक सांगा, समद्या जिल्ह्याचे जावई दुचाकीवर, अन् ज्यानं त्यांना बसवलं त्याचा सोताचा जावई बी दुचाकीवर? कसं दिसंल ते? तुमचीच इज्जत जाईल. आमचं काय न्हाई. पण चार चाकं शोभून दिसतील."

कुणीतरी मांडीवर थाप मारून ओळ म्हटली. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. आप्पांनी पाणी मागितलं. विचार करून सांगतो म्हणाले. आपल्या आयुष्यात हे वाक्य आप्पांनी आजवर फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडून, काउंटरमागं बसून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. शोरूममध्ये नाही, घरी. आप्पा झोपाळ्यावर बसले होते, पण झोपाळा हलत नव्हता. दारात त्यांची पत्नी, सगळे त्यांना अक्का म्हणत. गिरिजा भिंतीला टेकून.

"ताई," आप्पा म्हणाले, "ती ओळ मागं घेता येती का?"

"छापलेली ओळ मागं घेता येत नाही आप्पा. तिच्यावर दुसरी ओळ टाकून ती बुजवावी लागते."

"मग टाका की. 'लगीन साधेपणानं करा' आसं काही तरी."

"मोटारसायकलच्या दुकानातून? लोक हसतील."

"मग काय करायचं? गाडी देऊ नका म्हणू का? दुकान बंद करू?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "चारचाकी द्यायला माझी ना न्हाई. एकच लेक हाय. पण काल चारचाकी म्हणले. उद्या काय म्हणतील? ते म्हणताना हसत व्हते, ताई. माझीच ओळ, अन् हसत व्हते."

मला त्यांची कीव आली, आणि शांताबाईही आठवल्या. म्हणून कीव थोडी आवरून धरली. म्हटलं, "आप्पा, मागच्या वेळी ब्रीफ तुम्ही दिला होता. या वेळी मी गिरिजाकडून घेणार."

"तिला काय ठाव?"

"गाडी तिच्या नावानं चालली आहे. तिला विचारायला काय हरकत आहे?" मी गिरिजाकडं वळले. "तुला काय पाहिजे, सांग."

तिला हा प्रश्न त्या घरात बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला होता. पण उत्तर तयार होतं.

"मला गाडी पायजे," ती म्हणाली. "मला. कागद माझ्या नावावर. चालवायची बी मीच. बिनगियरच्या स्कूटरी आपल्याकडं आल्यात, त्या कोपऱ्यात धूळ खात पडल्यात. त्यांची जाहिरातच कुणी केली न्हाई. त्यातली एक मी दुपारी शोरूमच्या मागं चालवते."

"कधीपासून?" आप्पा एकदम ताठ झाले.

"तुमी जेवायला गेल्यावर," अक्का दारातून म्हणाल्या. त्यांना माहीत होतं, म्हणजे.

मी तिथंच बसून लिहिलं. घासावं लागलं नाही. मोठ्यानं वाचलं:

'गाडी लेकीची. चावी लेकीची. मागं बसायचं तर जावयानं विचारून बसावं.'

गिरिजा खळखळून हसली. आप्पांना ठसका लागला. "ताई, ही जाहिरात हाय का भांडण?"

"तुमच्या ओळीवर बसायला एवढंच वजन लागेल."

"जावयानं इचारायचं? बायकूला? पाटोद्यात दगड मारतील लोक."

"हीच टाका," अक्का म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि आत निघून गेल्या. चर्चा संपली, हे आप्पांना आणि मला एकाच वेळी कळलं.

राहिला फोटो. कंपनीकडून आलेल्या फोटोतली मुलगी मुंबईची होती, केस मोकळे सोडलेली. आमच्याकडे ती गाडीपेक्षाही परदेशी दिसत होती. गिरिजा म्हणाली, "मी बसते." सलवार-कमीज, एक वेणी, आणि बिनगियरची गाडी. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "जरा खाली बघा ताई. लाजून." ती म्हणाली, "खाली बघून गाडी चालवली तर पडीन ना मी." फोटो समोर बघतानाचाच निघाला.

सोनटक्क्यांकडं गेले, तर त्यांनी या वेळी दोनदा वाचलं. "ताई, यात जावयाचा अपमान होतोय."

"कायद्यात बसत नाही का?"

"बसतं. पण वाचक दुखावतील."

"कोणते वाचक?"

ते स्वतःच दुखावले होते, पण तसं म्हणवेना. शेवटी अर्धं पान रंगीत होतं म्हणून छापलं.

जाहिरात आली त्याच दिवशी अंबाजोगाईहून निरोप आला. चारचाकीचं काही नाही, ते राहू द्या. पण पेपरात फोटो आलेली पोरगी आमच्या घरात चालणार नाही. दहा माणसं तो कागद हाताळणार, त्यात कुणी भजी बांधणार. सोयरीक मोडली.

आप्पा माझ्या घरी आले. पहिल्यांदाच आले होते. चप्पल काढली आणि तिथंच दारात उभे राहिले.

"तुमी माझ्या लेकीचं लगीन मोडलं, ताई."

मी म्हटलं, "आत या."

"लोक म्हणतील पोरीत खोट हाय. एकदा मोडलं की दुसरं जमत न्हाई. तुमाला काय, तुमी ओळ लिवली अन् सुटलात." त्यांच्यावर हसायच्या सगळ्या गोष्टी मला एरवी आठवत, त्या वेळी एकही आठवली नाही.

गिरिजा त्यांच्या मागोमाग गाडीवरून आली होती. तीच ती, बिनगियरची. तिनं स्टँड लावलं आणि म्हणाली, "पप्पा, खोट त्यांच्यात व्हती. फोटो आला न्हसता तर लग्नानंतर कळली असती."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग मला म्हणाले, "पाणी द्या." आणि आत येऊन बसले.

पुढं काय झालं ते चढवून सांगायचं कारण नाही. बायकांची रांग वगैरे लागली नाही. आधी चौसाळ्याची एक नर्स आली, गाडी घ्यायला नाही, नुसती बसून बघायला. मग दोन शिक्षिका. मग, माझा विश्वास बसेना, सौ. सोनटक्के. शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत गिरिजा त्यांना चालवायला शिकवू लागली. पहिल्या पावसाळ्यापर्यंत कोपऱ्यातल्या गाड्या संपल्या आणि कंपनीकडून नव्या मागवाव्या लागल्या. शांताबाई कधी आल्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी घेतलेली गाडी बहिणीचा नवराच चालवतो, असं परळीच्या बाजूनं येणाऱ्यांकडून कळलं.

जुनी ओळ मात्र बुजली नाही. ती अजूनही लग्नांत म्हटली जाते. तिनं जेवढ्या गाड्या विकल्या तेवढ्या माझ्या ओळीनं विकल्या नाहीत. कंपनीनं डीलरांच्या मेळाव्यात आप्पांचा सत्कार केला, तो जावयाच्या जाहिरातीबद्दल. ग्रामीण मनाची अचूक नाडी, असं काहीसं साहेब इंग्रजीत बोलले. लेकीच्या जाहिरातीचा उल्लेख झाला नाही. आप्पा शाल घेऊन परत आले आणि ती त्यांनी काउंटरखालच्या कपाटात टाकली, घरी नेली नाही. दोन वर्षांनी गिरिजानं आपल्या पसंतीनं लग्न केलं, आणि आज शोरूम तीच चालवते. आप्पा दुपारी झोपतात.

या प्रकरणातून मी धंद्यापुरता एक धडा घेतला. जाहिरात लोकांच्या मनात नवीन काही घालत नाही. जे आधीच असतं पण उघड बोलायची लाज वाटते, त्याला ती चाल लावून देते. चाल लागली की लाज जाते. म्हणून त्यानंतर मी प्रत्येक मालकाला एक अट घालू लागले. जाहिरात छापायला जाण्याआधी मालकानं ती घरी, जेवायला बसल्यावर, बायको-मुलींसमोर मोठ्यानं वाचून दाखवायची.

एका सराफानं वाचली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच अर्धा मजकूर खोडून आणला. एका मंगल कार्यालयवाल्यानं वाचली, तर त्याच्या मुलीनं त्यापेक्षा चांगली लिहून दिली आणि माझं काम गेलं. बाकी बऱ्याच जणांनी ही अट ऐकून तोंड वाकडं केलं आणि दुसरा लिहिणारा शोधला.

वाईट वागणाऱ्याचा धंदा बुडतो असं पुस्तकांत असतं. त्या सगळ्यांची दुकानं उत्तम चालली आहेत.